मुलींचा निकाल शंभर टक्के

आमचे हेडमास्तर मुलांना नावावरून ओळखत नसत. बस्करावरून ओळखत.

त्या काळी आमच्या शाळेत बाकं नव्हती. निपाणीहून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावाला बाकं कोण देणार? प्रत्येक मुलानं बुडाखाली घ्यायला घरून काहीतरी आणायचं, त्या काहीतरीला बस्कर म्हणायचं. तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी गालिच्याचा तुकडा आणी. कुलकर्ण्याचा मुलगा सतरंजीची घडी आणी. शेतकऱ्यांची पोरं घोंगड्याचे तुकडे आणत, आणि त्यांच्याहून खालची गोणपाट. ज्यांच्या घरी गोणपाटालाही दुसरं काम असे ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसत. हेडमास्तरांनी या सोयीतून एक शिस्त तयार केली होती. गालिचे पुढे, त्यांच्या मागे सतरंज्या, मग घोंगडी, मग गोणपाटं, आणि भिंतीला टेकून जमीन. हाकाही तशाच. "ए सतरंजी, तेराचा पाढा म्हण." "गोणपाट, खिडकी लाव." हजेरी मी घेत असे. त्यामुळे मुलांना नावं असतात ही बातमी त्यांच्यापर्यंत जायचं काही कारण नव्हतं.

भिंतीच्याही पलीकडे, दाराबाहेर, पायरी होती. तिथं महारवाड्यातली मुलं बसत. सगळ्या मुलांना वर्गात एकत्र बसवावं असा जिल्ह्याच्या शाळाबोर्डाचा हुकूम आला, तेव्हा हेडमास्तरांनी त्याचा अवमान मुळीच केला नाही. त्यांनी तो काचेच्या चौकटीत बसवला आणि दाराबाहेर, बरोबर पायरीच्या वर टांगला. पायरीवरच्या मुलांना तो सहज वाचता यावा, हा त्यांचा हेतू. वाचनाचा तास असला की ती मुलं तोच वाचत.

"ज्ञान हे तुपासारखं असतं," ते मला समजावून सांगत. मी तेव्हा ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, पुस्तकं वाचून बिघडलेला असिस्टंट मास्तर. "तूप ताटात कुठं वाढतात? मधोमध. मग ते आपोआप ओघळत कडेला जातं. तुम्ही कडेपासून वाढायला लागलात तर ते ताटाबाहेर जाईल." आमच्या शाळेत तूप दर वर्षी मधोमध वाढलं जाई आणि तिथंच थिजे.

त्यांना तपकिरीचं व्यसन होतं. धोतराच्या निऱ्यांवर, पाटीवर, मुलांच्या उत्तरांवर तपकिरीची भुकटी सांडलेली असे. पण तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांची मुलं जवळ आली, की त्यांना तंबाखूच्या वासानं शिंका येत. "ही मुलं तंबाखूचा वास घेऊन येतात," असं ते चिमूट नाकात कोंबता कोंबता म्हणत. या विधानात काही विसंगती आहे असं त्यांना आयुष्यभर वाटलं नाही. तपकिरीची शिंक ही त्यांच्या मते बुद्धीला तरतरी आणणारी होती. वखारीच्या वासाची शिंक म्हणजे आरोग्याचा प्रश्न.

शाळेच्या दारावर एक लाकडी पाटी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'फायनलचा निकाल शंभर टक्के'. फायनल म्हणजे मराठी सातवीची बोर्डाची परीक्षा. ती पास झालेला माणूस मास्तर होऊ शके, तलाठी होऊ शके, निदान लग्नाच्या बाजारात 'फायनल पास' म्हणून वर चढे. या पाटीमुळे पंचक्रोशीत हेडमास्तरांना लई मान होता. चिकोडीपर्यंतचे लोक ती बघायला येत. निकाल शंभर टक्के कसा लागतो याचं रहस्य मात्र अगदी साधं होतं. जो नापास होण्याची शक्यता आहे त्याला ते परीक्षेला बसूच देत नसत. एके वर्षी सावकाराचा मुलगा एकटाच बसला आणि पास झाला. शंभर टक्के. एके वर्षी कुणीच बसलं नाही. तेव्हाही त्यांनी पाटीला नवा रंग दिला. मी विचारलं, तर म्हणाले, "नापास कोण झालं ते दाखवा."

नापास होण्याची शक्यता कुणाची, हे बस्करावरून ठरे.

हौसा जमिनीवर बसे. तिची आई गंगव्वा वखारीत तंबाखू चाळायची. बाप लहानपणीच गेलेला. पोरगी सातवीत होती, आणि आदल्या वर्षीही सातवीतच होती, कारण हेडमास्तरांनी तिचा फॉर्म भरला नव्हता. अभ्यासात ती मध्यम. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत गरिबाची मुलगी असामान्य बुद्धीची असावी असा एक संकेत आहे. हौसा असामान्य वगैरे काही नव्हती. तिचं भूगोलाशी जमत नसे आणि व्यवहारी अपूर्णांकांना ती शिव्या देई. पण परीक्षेला बसली असती तर पास होण्याइतकं तिला येत होतं, आणि पास झाली असती तर बोर्डानं तिला मास्तरीण म्हणून घेतलं असतं. मास्तरणी मिळत नव्हत्या म्हणून बोर्ड रडतच होतं.

आणि ती वर्षभर थांबूही शकत नव्हती. बोरगावच्या एका बिजवराचं स्थळ आलेलं. त्याच्या पहिल्या बायकोची दोन मुलं हौसापेक्षा फार लहान नव्हती. गंगव्वानं त्याला सांगितलेलं, औंदाची परीक्षा होऊ दे. एक दिवस मला रस्त्यात गाठून ती म्हणाली, "मास्तर, औंदा बी फारम न्हाय भरला तर माझ्यानं त्यास्नी न्हाय म्हणवायचं न्हाय. पोरीला तसं तुम्ही सांगतासा, का मी सांगू?"

मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग तपकीर ओढून विचारलं, "कोण हौसा?"

"मागं बसते ती."

"जमीन?" ते हसले. "अहो, जमिनीवरून कुणी फायनलला गेलंय का आजवर?"

गेलं नव्हतं, हे खरंच होतं. जे कधी झालं नाही ते होऊ द्यायचं नाही, यालाच ते अनुभव म्हणत.

त्याच सुमाराला दिपोटी साहेबांची तपासणी आली. दिपोटी म्हणजे शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर. साहेब धारवाडकडचे, मराठी चांगलं बोलत, पण हेडमास्तर त्यांच्याशी हटकून आपलं मोडकं कानडी बोलत, आणि ते साहेबांना कळत नसे. शाळेचं फाटक आणि वर्ग यांच्या मध्ये अंगण होतं, आणि अंगणातून तंबाखूच्या गाड्या जाऊन जाऊन चिखल झालेला. साहेबांच्या बुटांना तो चिखल लागणार या विचारानं हेडमास्तरांची झोप उडाली. सकाळी येऊन त्यांनी हुकूम सोडला. सगळी बस्करं गोळा करायची आणि फाटकापासून खुर्चीपर्यंत अंथरायची.

अंथरण्याचं काम मी केलं, पण क्रम त्यांनी लावला. फाटकाशी गोणपाटं, मग घोंगडी, मग सतरंज्या, आणि खुर्चीच्या पायाशी गालिचा. साहेब फाटकातून निघाले ते आमच्या गावाची सगळी समाजरचना तुडवत खुर्चीपर्यंत चढत आले. "बर्री साहेब, बर्री," असं कानडीतून 'या, या' म्हणत हेडमास्तर बाजूच्या चिखलातून वाकून चालत होते. पायरीवरच्या मुलांना त्या दिवशी सुट्टी होती. पायरी साहेबांना लागणार होती.

गडबडीत एक गोष्ट हेडमास्तरांच्या लक्षात आली नाही. सगळी बस्करं साहेबांच्या बुटाखाली गेल्यामुळे सगळा वर्ग उघड्या जमिनीवर आला. कुणाची जागा कुठली हे सांगणारं काही उरलं नाही, तेव्हा मुलं आपापल्या दोस्ताशेजारी बसली. व्यापाऱ्याची सुमती आणि हौसा यांची जुनी गट्टी. सुमतीनं तिला ओढून पहिल्या रांगेत आपल्याजवळ घेतलं.

आणखी एक. सुमतीनं त्या दिवशी साहेब येणार म्हणून पहिल्यांदाच लुगडं नेसलं होतं. आणि हौसाच्या अंगावर सुमतीचाच जुना, जरीकाठी हिरवा परकर होता. वर्षभर तो परकर गालिच्यावर बसलेला हेडमास्तरांनी पाहिलेला. आता तो हौसाला घोट्याच्या वर येत होता, पण धुऊन आणलेला, आणि जर अजून चमकत होती.

साहेबांनी काही गणितं घातली, काही कविता म्हणवून घेतल्या, जांभई दाबली आणि विचारलं, "यंदा फायनलला कोण बसणार?"

मुलांच्या बाबतीत अडचण आली नाही. जरीची टोपी दिसली की हेडमास्तर बोट दाखवत. मग साहेब म्हणाले, "मुलगी कोणी नाही का? बोर्ड मुलींसाठी एवढं करतंय."

"आहे तर!" हेडमास्तर फुलले. दोन पावलं पुढे आले आणि थेट हिरव्या परकरासमोर उभे राहिले. तेवढ्यात त्यांना एक जबरदस्त शिंक आली. त्यांनी नाक पुसलं, किंचित गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ही आमच्या गावातल्या मोठ्या तंबाखूवाल्यांची कन्या. शाळेचं भूषण. हिला मी स्वतः फायनलला बसवतोय."

सुमतीनं पदर तोंडात कोंबलेला.

"उभी राहा बाळ," साहेब म्हणाले. "नाव काय?"

"हौसा."

"वडिलांची वखार कुठं आहे?"

"वडील न्हाईत. आई वखारीत जात्या."

"व्यवहार बघायला?"

"न्हाय साहेब. तंबाखू चाळाय."

साहेबांनी मान वळवून हेडमास्तरांकडे पाहिलं. मी त्या माणसाबरोबर कितीतरी वर्षं काढली, पण त्या क्षणी त्यांच्याविषयी वाटलं तेवढं कौतुक मला कधी वाटलं नाही. डोळ्याची पापणीही न हलवता ते म्हणाले, "तेच म्हणतो मी साहेब. तंबाखूच्याच धंद्यातलं घराणं."

साहेबांनी पुन्हा हौसाकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मजुराच्या मुलीला तुम्ही पहिल्या रांगेत बसवता? फायनलला पाठवता? शाबास हेडमास्तर! मी असं कुठंच पाहिलं नाही." आणि शेरेबुकात त्यांनी तसंच लिहिलं. हेडमास्तरांनी तो शेरा संध्याकाळी देवळाच्या पारावर वाचून दाखवला, दुसऱ्या दिवशी वखारीच्या ओट्यावर वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी त्यातला अर्थ त्यांच्या ध्यानात आला. हौसाला आता फायनलला पाठवावं लागणार होतं.

ते मला घेऊन गंगव्वाच्या घरी गेले. त्या गल्लीत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. फेटा बांधला होता, नाकाला रुमाल होता. घर म्हणजे एक खोली. गंगव्वा चुलीपुढून उठली.

"या मास्तर, बसा," ती म्हणाली. हेडमास्तर कशावर बसायचं ते शोधू लागले.

"बस्कर न्हाय आमच्यात. पोरीलाच दिलं न्हाय, तुम्हास्नी कुठनं दिऊ? जिमिनीवरच टेका."

हेडमास्तर उभेच राहिले. त्यांनी गंगव्वाला समजावलं. परीक्षा अवघड असते. मुलीची जात नाजूक. बेळगावसारख्या शहरात सर्व्हिस मोटारीनं जायचं, परक्या गावात राहायचं. पोरीनं स्वतःहूनच माघार घेतली तर ते शोभून दिसेल. प्रकृतीचं कारण लिहिता येईल. "आणि समजा नापास झाली, तर शाळेची अब्रू जाईल, गावाची जाईल."

"आन् पास झाली तर?"

या शक्यतेचा विचार करून ते आले नव्हते.

"माझी पोर परकर बघून निवडलीसा न्हवं तुम्ही?" गंगव्वा म्हणाली. "सगळ्या वखारीत माहीत हाय. हसून हसून बायकांच्या हातातनं चाळण्या पडल्या. आता तुम्ही माघारी फिरलासा तर मी दिपोटीच्या पायावर जाऊन पडीन, मास्तर. आन् मग शेरा कोण वाचून दावतंय बघू."

परत येताना हेडमास्तरांनी नाकावरचा रुमाल काढला. गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "बाई अशिक्षित, पण बोलण्याला डिसिप्लिन आहे."

हौसाबरोबर सुमतीही बसणार होती. पण परीक्षेच्या तोंडावर सुमतीचं लग्न ठरलं, सांगलीकडचं मोठं घर. आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, शाळेला पेढे पाठवले आणि गालिचा परत मागवून घेतला. गालिच्यावर बसणाऱ्यालाही स्वतःच्या मर्जीनं उठता-बसता येत नसतं, हे सुमतीला तेव्हा कळलं असेल. जाताना तिनं आपली भूगोलाची वही हौसाला दिली. हौसा म्हणाली, "भूगोलच कशाला दिलीस गं सुमे? दुसरं काय बी चाललं असतं."

बेळगावला जाताना मोटारीत पुढची सीट जरीच्या टोप्यांना मिळाली आणि हौसा मागे टपालाच्या पोत्यांशेजारी बसली. निकाल आला तेव्हा हेडमास्तरांनी यादी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. हौसा पास. भूगोलात काठावर, पण पास. आणि एक जरीची टोपी, कुलकर्ण्याची, गणितात नापास.

शाळेच्या इतिहासातला पहिला नापास विद्यार्थी सतरंजीवरून निघाला.

दोन दिवस हेडमास्तर येता-जाता पाटीकडे बघत होते. मला वाटलं, पाटी उतरवतील. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आलो तर रंगाचा वास. पाटी जागेवरच होती. फक्त 'फायनलचा' हा शब्द खरवडून त्या जागी नवीन शब्द घातला होता. आता पाटीवर होतं: 'मुलींचा निकाल शंभर टक्के'.

आणि तो खरोखरच शंभर टक्के होता. बसलेली मुलगी एक, पास झालेली मुलगी एक. हेडमास्तरांचा मान पुन्हा वाढला. स्त्रीशिक्षणावर बोलायला त्यांना निपाणीला बोलावणं येऊ लागलं. गंगव्वाच्या दारात उभ्या उभ्या जे बोलले होते त्याच्या बरोबर उलट ते आता खुर्चीवर बसून बोलत.

हौसाला बोर्डानं कणकुंबीला नेमलं. गोव्याच्या हद्दीजवळचं रान, पावसाळ्यात वाट बंद. वशिल्याची माणसं निपाणीत चिकटत, बिगरवशिल्याची कणकुंबीला जात. हौसानं नेमणूक घेतली आणि गंगव्वाला बरोबर नेलं. बोरगावच्या बिजवरानं दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर हेडमास्तरांनी एकाही मुलीला फायनलला बसू दिलं नाही. निकाल शंभर टक्के होता, तो बिघडवायचा कशाला?

स्वातंत्र्य आता येणार, मग येणार असं चाललं होतं त्या दिवसांत ते निवृत्त झाले. वखारीच्या पटांगणात सत्काराचा समारंभ झाला. पाहुण्यांना खुर्च्या, गावकऱ्यांना जाजम, बाकीच्यांना पटांगण. ती पाटीही भिंतीवरून काढून, हार घालून मंचावर ठेवली होती. भाषणं ऐन रंगात आली असताना हौसा आली. कणकुंबीहून निघून, मोटारी बदलत. हातात छत्री, अंगावर पांढरं नऊवारी. सुमतीचे आण्णा म्हातारे झाले होते. तेही खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "या, बसा बाई."

हेडमास्तरांनी तिला ओळखलं नाही. त्यांनी तिच्या पायाखाली बघितलं, पण तिथून काही बोध होईना. "आपण कुठल्या घराण्यातल्या?"

"मी जमीन, मास्तर."

"जमीन!" त्यांचा चेहरा खुलला. पाहुण्यांकडे वळून त्यांनी सांगितलं, "ही पाहा, ही आमची मुलगी! फार हुशार. पुढच्या रांगेत बसायची. हिला फायनलला मी बसवलं."

"व्हय," हौसा म्हणाली. "तुम्हीच बसवलंत." तिची नजर पाटीवर गेली. ती वाचून तिनं हळूच मला विचारलं, "माझ्या मागनं किती जणी बसल्या, मास्तर?"

"एकही नाही."

ती मंचापाशी गेली. मग हेडमास्तरांना म्हणाली, आणि ते सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं, "मास्तर, हा निकाल माझ्या एकटीचा हाय. आता पुरं झाला. आमच्या गल्लीतल्या पोरी सातवीत हायत. त्यास्नी बसू द्या. नापास झाल्या तर होऊ द्या. नापास व्हायला बी आधी बसावं लागतंय."

पटांगणात मागच्या बाजूला, जिथं जाजम संपत होतं, तिथं काही बायका हसल्या. हेडमास्तरांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकले, आणि प्रसन्नपणे म्हणाले, "ऐकलंत? आमच्या शाळेची मुलगी भाषण कसं करते पाहा!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसा बसली नाही. तिला परतीची मोटार गाठायची होती, दुसऱ्या दिवशी शाळा होती.

हेडमास्तरांच्या जागेवर मी आलो. मी काही सुधारक नव्हे. फॉर्म आले तसे भरले, एवढंच. त्या वर्षी त्या गल्लीतल्या तीन मुली फायनलला बसल्या. दोघी पास झाल्या, एक नापास. मी पाटी उतरवली. तशीही नोटिसा लावायला मला एक फळी हवीच होती.

हे वृत्त हेडमास्तरांच्या घरी पोचलं. ते तेव्हा आजारी होते, पाठीला लोड, खाली गादी, गादीवर गालिचा. मला बोलावून घेतलं. फार दुःखी दिसले. तपकिरीची डबी बाजूला ठेवली, मग पुढे वाकून हलक्या आवाजात विचारलं,

"नापास झाली ती कोण हो? सतरंजी, का गोणपाट?"